वारस नोंदीपासून ठिबकच्या अनुदानापर्यंत: नव्या खातेदारासाठी वाट

पीएम किसानचा अर्ज भरायला मी सगळ्यात आधी आपले सरकार सेवा केंद्रात गेलो, आणि चूक तिथेच झाली. अर्ज हे या कामातलं शेवटाकडचं पाऊल आहे. त्याआधी सातबारा, आधार आणि बँक या तीन ठिकाणी तुमचं नाव एकसारखं उभं राहावं लागतं. ते नसेल तर अर्ज सुरळीत भरला जातो, पावती मिळते, आणि पुढे सहा महिने काहीच घडत नाही. कुणी नाकारतही नाही.

माझे वडील जानेवारी २०२३ मध्ये गेले. मराठवाड्यातलं आमचं गाव, ३ एकर १२ गुंठे जमीन, त्यातली एक एकर मोसंबी आणि बाकी सोयाबीन-तूर. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो, २०२४ मध्ये गावी परतलो. आईचा सन्मान निधी सुरू करणं आणि मोसंबीला ठिबक बसवणं ही दोन कामं हाती घेतली. दोन्ही झाली, पण लागायला हवा होता त्याच्या दुप्पट वेळ लागला. तुमच्याही घरात जमीन नुकतीच वडिलांच्या नावावरून खाली येत असेल, तर हा क्रम वापरा.

आधी कोणता पैसा कुठून येतो ते थोडक्यात. पीएम किसान सन्मान निधी केंद्राची: वर्षाला ६,००० रुपये, २,००० चे तीन हप्ते. एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर आणि डिसेंबर ते मार्च असे त्याचे कालखंड. नमो शेतकरी महासन्मान निधी राज्याची: तेवढीच रक्कम, तेवढेच हप्ते. तिचा पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ ला शिर्डीच्या कार्यक्रमात वाटला गेला. नमोसाठी वेगळा अर्ज नसतो. पीएम किसानमध्ये नाव चालू असेल तर नमोही येतो. 'नमोचा फॉर्म भरून देतो' म्हणून कुणी शंभर-दोनशे मागत असेल तर उठून या. तिसरा पैसा महाडीबीटी या राज्य सरकारच्या अर्जांच्या संकेतस्थळावरच्या अनुदानांचा: ठिबक, तुषार, ट्रॅक्टर, अवजारं वगैरे. त्याची तऱ्हा वेगळी आहे, ती शेवटी सांगतो.

१. आधी आपण निकषात बसतो का ते बघा

जमीन नावावर आहे म्हणजे हप्ता मिळणारच, हा गावातला सर्वात मोठा गैरसमज. योजनेच्या हिशेबात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान (अठरा वर्षांखालची) मुलं. एका कुटुंबात एकालाच हप्ता. भाऊ-भाऊ एकाच सातबारावर असतील आणि दोघांचे संसार वेगळे असतील तर दोघांनाही मिळतो. नवरा-बायको दोघांच्या नावे जमीन असली तरी मिळतो एकालाच. दोघांनी घेतलेला आढळला तर हप्ते थांबवून प्रत्यक्ष तपासणी होते.

या लोकांना मिळत नाही: मागच्या आकारणी वर्षात आयकर भरलेले, सरकारी नोकरीत असलेले किंवा निवृत्त झालेले (चतुर्थ श्रेणी सोडून), महिना १०,००० किंवा जास्त निवृत्तिवेतन घेणारे (इथेही चतुर्थ श्रेणीला सूट), नोंदणी करून व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, अभियंते, सीए, वास्तुविशारद, आमदार-खासदार, महापौर, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, आजी असोत की माजी.

मी इथेच अडकलो. पुण्याच्या पगारावर आयकर भरलेला, म्हणजे मी अपात्र. सेवा केंद्रातला पोरगा म्हणाला, 'टाकून तर बघू, कोण बघतंय.' बघतात. आयकराची माहिती पॅन आणि आधारवरून जुळवली जाते, आणि अशा हजारो लोकांना घेतलेले हप्ते परत भरायच्या नोटिसा गेल्या आहेत. त्यामुळे आमच्याकडे अर्ज आईच्या नावाने केला. ती वारस आहे, खातेदार आहे, आणि तिचं कुटुंब माझ्या कुटुंबाहून वेगळं धरलं जातं.

दुसरी अट तारखेची: जमीन १ फेब्रुवारी २०१९ रोजी तुमच्या नावावर असायला हवी. त्यानंतर विकत घेतलेली चालत नाही. बक्षीसपत्राने किंवा वडील हयात असताना वाटणी करून मिळालेलीही चालत नाही. अपवाद एकच, खातेदाराच्या मृत्यूने आलेला वारसा. दोन वर्षांपूर्वी हौसेने वाटणी करून घेतलेले बरेच तरुण या अटीवर अडलेत आणि दोष तलाठ्याला देतात.

२. वारस नोंद: सगळ्याची मुळी इथे आहे

मृत्यूचा दाखला हातात आला की पहिलं काम हेच. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे हक्क मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. आमच्याकडे दीड वर्ष कुणी दिली नाही. 'दुःखात कुठे कागद हलवायचे' असं सगळेच म्हणतात, मीही म्हणालो.

अर्ज तलाठ्याकडे देता येतो (त्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, गावात अजून तलाठीच म्हणतात) किंवा घरबसल्या ई-हक्क प्रणालीवर. सोबत मृत्यू दाखला, सर्व वारसांची नावं, वय, पत्ते आणि नातं सांगणारं प्रतिज्ञापत्र, वारसांची आधारकार्डं, आणि मयताच्या नावे असलेले सगळे सातबारे व आठ-अ (खात्यावरच्या एकूण जमिनीचा उतारा). 'सगळे' यासाठी म्हणतो की शेजारच्या गावात पाऊण एकर असली तर ती हमखास विसरली जाते. आठ-अ हा एका गावातल्या खात्यापुरता असतो. गाव बदललं की खातं वेगळं, फेरफारही (मालकी बदलाची नोंद) वेगळा.

पुढे काय घडतं? वारसाची नोंद आधी गाव नमुना ६-क या वारसांच्या नोंदवहीत होते, मग फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते. कुणाची हरकत नसेल तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात आणि सातबारावर नावं येतात.

हे पंधरा दिवस फुकट घालवू नका. 'आपली चावडी' या सरकारी पानावर गावचे चालू फेरफार दिसतात. तिथे आपला फेरफार उघडून एकेक अक्षर वाचा. आमच्या फेरफारात आईचं नाव 'गया' पडलं होतं, आधारवर 'गयाबाई' आहे. प्रमाणित व्हायच्या आधी दिसलं म्हणून एका अर्जावर सुधारलं. नंतर दिसलं असतं तर कलम १५५ खाली तहसीलदारांकडे लेखनप्रमादाच्या दुरुस्तीचा अर्ज, सुनावणी आणि परत फेरफार असा फेरा झाला असता.

बहिणींची नावं. लागतातच, आणि लावायलाच हवीत. 'सन्मान निधीसाठी बहिणींचं हक्कसोडपत्र लागतं' असं मला तीन जणांनी छातीठोकपणे सांगितलं. लागत नाही. हक्कसोड ही बहिणीच्या मर्जीची, नोंदणीकृत दस्ताने करायची वेगळी बाब आहे. वारस नोंदीशी आणि हप्त्याशी तिचा संबंध नाही. सामाईक सातबारावर नाव असलं तरी हप्ता मिळतो. बहिणीच्या सासरी दाजींना आधीच हप्ता येत असेल तर मात्र तिने वेगळा अर्ज करू नये. कुटुंब एकच, म्हणून दोन्ही अडकतील.

२०२५ मध्ये सरकारने 'जिवंत सातबारा' नावाची मोहीम काढली. मयतांच्या नावे राहिलेल्या उताऱ्यांवर वारस लावण्यासाठी. आमचं काम त्याआधीच झालं होतं, पण आमच्या शिवारात आजोबांच्या नावाचे उतारे किती होते ते त्या मोहिमेत कळलं.

एक कडू गोष्ट इथेच सांगून टाकतो. वडील गेल्यावर २०२३ मध्ये त्यांच्या खात्यावर दोन हप्ते आले. आईला वाटलं सरकारकडून आलेत तर आपलेच, तिने एटीएममधून काढले. नंतर ४,००० रुपये परत भरावे लागले. मृत्यूनंतर आलेला हप्ता वारसाचा नसतो. तो हात न लावता ठेवा, तालुक्याला मृत्यू दाखला देऊन नाव बंद करून घ्या, आणि मग वारसाचा नवा अर्ज करा. जुन्याच नोंदीत नाव 'बदलून' मिळत नाही.

३. तिन्ही कागदांवर नाव एकच हवं

सातबारा, आधार, पासबुक. तिन्ही एका ओळीत मांडून बघा. 'बाळू' आणि 'बाळासाहेब', 'कदम गयाबाई' आणि 'गयाबाई कदम', वडिलांचं नाव की नवऱ्याचं नाव. माणसाला हे एकच वाटतं, संगणकाला नाही. कोणतं दुरुस्त करायचं हा प्रश्न आला तर माझा सल्ला: आधार दुरुस्त करणं बहुतेक वेळा सातबारा दुरुस्त करण्यापेक्षा सोपं असतं. पण आधार बदललं की बँकेतही बदलावं लागतं, हे धरून चाला.

आधारला मोबाइल नंबर जोडलेला आहे ना तेही याच वेळी तपासा. आईच्या आधारला वडिलांचं जुनं, बंद पडलेलं सिमकार्ड जोडलेलं होतं. पुढच्या प्रत्येक पावलावर ओटीपी लागतो. हे एक काम आधी केलं असतं तर माझ्या तालुक्याच्या चार खेपा वाचल्या असत्या.

४. बँकेत 'आधार लिंक आहे' या उत्तरावर थांबू नका

बँकेत विचारलं तर उत्तर येतं, 'हो, आधार लिंक आहे.' ते खरं असतं आणि तरीही पैसे येत नाहीत. कारण गोष्टी दोन आहेत. एक, तुमच्या खात्याच्या केवायसीत आधार क्रमांक नोंदलेला असणं. दुसरं, एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या नोंदवहीत तुमच्या आधारपुढे कोणती बँक लिहिलेली आहे ते. सरकारचा पैसा या दुसऱ्या नोंदीवर चालतो. त्याला डीबीटी (थेट खात्यात पैसे) सीडिंग म्हणतात. बँकेत हाच शब्द वापरा, आणि त्यासाठीचा संमतीचा फॉर्म वेगळा असतो तो मागून घ्या.

आणखी एक खाच. एका आधारपुढे एका वेळी एकच बँक राहते, आणि ती शेवटी जोडलेली. अर्जात तुम्ही जिल्हा बँकेचं खातं लिहा की राष्ट्रीयीकृत, आधारवर आधारित पैसा जाणार शेवटी सीड केलेल्या खात्यात. आमच्या शेजारच्या काकूंचे तीन हप्ते 'गायब' होते. कधीतरी पोस्टमनने अंगठा घेऊन पोस्टाच्या बँकेत खातं उघडून दिलेलं, त्या विसरून गेलेल्या. सगळे पैसे तिथे सुखरूप पडले होते. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' नावाची सोय आहे. ओटीपी टाकला की बँकेचं नाव आणि नोंद चालू आहे की नाही ते दिसतं. अर्जाच्या आधी बघा, आणि हप्ता आला नाही तर सगळ्यात आधी हेच बघा.

खातं बरेच दिवस न वापरल्यामुळे निष्क्रिय झालं असेल तरीही पैसे परत जाऊ शकतात. शंभर रुपये भरून काढून ते जागं ठेवा.

५. शेतकरी ओळख क्रमांक

अ‍ॅग्रिस्टॅक या शेतकऱ्यांची डिजिटल नोंद ठेवणाऱ्या योजनेत प्रत्येक खातेदाराला ११ अंकी क्रमांक मिळतो. राज्याच्या कृषी योजनांसाठी तो १५ एप्रिल २०२५ पासून बंधनकारक आहे. नोंदणी सेवा केंद्रात होते किंवा स्वतःही करता येते. आधार, आधारला जोडलेला मोबाइल आणि सगळ्या गावांचे गट क्रमांक जवळ ठेवा.

इथे चूक एकच होते, पण सगळेच करतात: घाईत एकच गट जोडून मोकळे होतात. ज्या गटावर ठिबक हवंय तो गट तुमच्या ओळख क्रमांकाखाली नसेल तर पुढे अर्जात तो दिसणारच नाही. शेवटी आधारवर ई-स्वाक्षरी करून अर्ज पुढे पाठवायचा असतो. ती राहिली तर अर्ज अर्धवट. नोंदणीचा क्रमांक मिळाला म्हणजे ओळख क्रमांक मिळाला असं नाही, मंजुरी येईपर्यंत अधूनमधून स्थिती बघत राहा.

तालुक्याला जाताना पिशवीत असू द्या:

– डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ-अ (महाभूमी या सरकारी संकेतस्थळावर एका उताऱ्याला १५ रुपये, झेरॉक्सची झेरॉक्स नको)
– वारसाच्या फेरफाराची प्रत
– मृत्यू दाखला
– अर्जदाराचं, नवरा किंवा बायकोचं आणि मुलांचं आधार
– रेशनकार्ड
– पासबुकाचं पहिलं पान
– आधारला जोडलेला फोन, चार्ज केलेला. कार्यालयात रेंज नसते, ओटीपीसाठी बाहेर लिंबाखाली यावं लागतं.

६. आता पीएम किसानचा अर्ज

एवढं झालं की अर्ज पंधरा मिनिटांचा. पीएम किसानच्या संकेतस्थळावर नवीन शेतकरी नोंदणी, ग्रामीण, राज्य महाराष्ट्र, आधार, मोबाइल, दोन ओटीपी. जमिनीच्या रकान्यात लक्ष द्या. जमीन कधी आणि कशी आली असं विचारतात, तिथे मृत्यूमुळे वारसा हेच निवडायचं आणि फेरफाराची तारीख टाकायची. सेवा केंद्रवाले घाईत '१ फेब्रुवारी २०१९ च्या आधी' निवडतात, आणि मग तुमचा फेरफार २०२४ चा असल्याने अर्ज तालुक्यात पडून राहतो. माझा पहिला अर्ज असाच गेला.

क्षेत्र हेक्टरमध्ये लिहायचं. ४० गुंठ्यांचा एकर, आणि एक गुंठा साधारण एक आर. १०० आर म्हणजे एक हेक्टर. आमचे ३ एकर १२ गुंठे म्हणजे १३२ गुंठे, सातबारावर १ हेक्टर ३४ आर. हेक्टरच्या रकान्यात ३.१२ लिहिणारे महाभाग मी पाहिलेत. सामाईक जमिनीत आपल्या हिश्श्यापुरतंच क्षेत्र टाका.

कागद पीडीएफ करून चढवायचे, पावती घ्यायची, नोंदणी क्रमांक वहीत लिहायचा. मंजुरी तालुका, जिल्हा, राज्य अशी चढत जाते. पहिली पायरी ओलांडेपर्यंत दर पंधरवड्याला तालुका कृषी कार्यालयात चक्कर मारा. जमिनीच्या नोंदीचा प्रश्न असेल तर ते तहसीलला पाठवतील, तहसीलवाले परत कृषीकडे पाठवतील. अशा वेळी वाद घालू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा, 'माझ्या अर्जात नेमकी त्रुटी काय ते लेखी कळवावे' एवढंच, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का मागितला की उत्तर बरंच लवकर सापडतं.

७. ई-केवायसी

तीन वाटा आहेत: मोबाइलवर ओटीपी, सेवा केंद्रात अंगठा, आणि पीएम किसानच्या अ‍ॅपमध्ये चेहरा. आईचे अंगठे खुरप्याने झिजलेले. यंत्राने पाच वेळा नाकारले. चेहऱ्याने एका झटक्यात झालं. पदर डोक्यावरून मागे घ्या, उजेडाकडे तोंड करा आणि सांगितलं की पापणी लववा. अ‍ॅपसोबत आधारचं चेहरा ओळखणारं वेगळं अ‍ॅपही फोनवर लागतं. एका शेतकऱ्याच्या फोनवरून आणखी १०० जणांचं करता येतं, तेव्हा गल्लीतल्या म्हाताऱ्यांना तालुक्याला पळवू नका.

अ‍ॅप फक्त फोनवरच्या प्ले स्टोअरसारख्या अधिकृत दुकानातून घ्या. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात 'पीएम किसान' नावाची एपीके फाइल फिरत असते. ती उघडली की फोनमधले संदेश आणि ओटीपी परक्याच्या हाती जातात आणि खातं रिकामं होतं. हप्त्याची तारीख जवळ आली की त्या फाइलीला ऊत येतो.

आईची पासष्टी व्हायची आहे, त्यामुळे ती लाडकी बहीण योजनेतही होती. दोन्ही सन्मान निधींचे मिळून वर्षाला १२,००० घेणाऱ्या बाईला लाडकी बहीणमधून महिना १,५०० ऐवजी ५०० मिळतात. रक्कम घटली म्हणून आई माझ्यावरच रागावली होती. महिन्याला एकूण १,५०० च होतात, हे कागदावर मांडून दाखवलं तेव्हा गाडी रुळावर आली.

८. ठिबक: इथे घाई करणारा बुडतो

हप्त्यात माणूस फार तर २,००० ला मुकतो. ठिबकात एका चुकीने लाखाच्या आसपास जातं, म्हणून हे सावकाश वाचा.

अनुदान असं: केंद्राच्या योजनेतून अल्प व अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के. त्यावर राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून २५ किंवा ३० टक्क्यांची भर. म्हणजे दोन हेक्टरपर्यंतवाल्याला एकूण ८०, बाकीच्यांना ७५. कमाल पाच हेक्टरपर्यंत. ऐकायला गोड आहे, पण हे टक्के दुकानदाराच्या बिलावर नसतात. सरकारने ठरवलेल्या मापदंडावर असतात, आणि तो मापदंड दोन नळ्यांमधल्या अंतरावर ठरतो. मोसंबीसारख्या लांब अंतराच्या बागेला हेक्टरी कमी, भाजीपाला-उसासारख्या जवळच्या ओळींना जास्त. मी दुकानात '८० टक्के परत येणार' या हिशेबाने जाडजूड फिल्टर आणि खत सोडायची वरची टाकी घेतली. मापदंडाच्या वरचा सगळा खर्च माझ्या बोकांडी बसला. त्यामुळे कोटेशन हातात आलं की दुकानदाराला विचारा: यातलं अनुदानाला धरलं जाणार किती, आणि माझ्या खिशातून जाणार किती? उत्तर आकड्यात घ्या.

अर्ज महाडीबीटीच्या शेतकरी पानावर. शुल्क २३ रुपये ६० पैसे, यापलीकडे सरकार काही घेत नाही. पूर्वी सोडत निघायची, २०२५ पासून 'प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य' आलंय. म्हणजे नशिबाचा भाग गेला आणि तारखेचा आला. कागद तयार ठेवून अर्ज लवकर टाका.

निवड झाल्याचा संदेश आला की कागद चढवायचे: सातबारा, आठ-अ, कोटेशन, सामाईक जमीन असेल तर सहधारकांचं संमतीपत्र, अनुसूचित जाती-जमातीतले असाल तर जातीचा दाखला. पाण्याचं साधन दाखवावं लागतं. सातबारावर विहिरीची किंवा बोअरची नोंद आहे का ते आधी बघा. आमची विहीर १९८० च्या दशकातली, पण उताऱ्यावर तिचा पत्ताच नव्हता. बहिणींची संमती घ्यायला मी दिवाळीची वाट बघितली आणि मुदत टळता टळता वाचली. भाऊबीजेच्या ताटाबरोबर कागदावर सही, हा प्रकार बरा दिसत नाही. आधीच उरकून घ्या.

मग येते पूर्वसंमती, म्हणजे खरेदीआधीची मंजुरी. तिच्या आधी एक फूटही नळी घेऊ नका. पूर्वसंमतीच्या तारखेआधीचं बिल असेल तर अनुदान नाही, आणि त्यावर दाद नाही. दुकानदार म्हणतो, 'माल आजच न्या, पुढच्या महिन्यात दर वाढणार, बिल नंतरच्या तारखेचं करू.' मोका तपासणीला (रानात येऊन पाहणीला) आलेला माणूस मातीत रुतलेली, शेवाळ धरलेली नळी बघतो आणि ओळखतो.

पूर्वसंमती मिळाली की ठरलेल्या मुदतीत माल घ्या, तोही नोंदणीकृत कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून. बिल जीएसटीचं हवं, तुमच्या नावाचं हवं, आणि पैसे बँकेतून गेलेले हवेत. रोखीत दिलेले पैसे सिद्ध करता येत नाहीत. बिल चढवल्यावर कृषी सहायक (त्यांचंही पदनाम आता सहायक कृषी अधिकारी झालंय) रानात येऊन मोजमाप करतात, फोटो काढतात. त्या दिवशी मोटार चालू ठेवा. वीज रात्रीची असेल तर तसं आधी कळवा, नाहीतर परत पंधरा दिवस.

आणि पैसा. संपूर्ण रक्कम आधी तुम्ही भरायची, अनुदान मागून येतं. माझं दोन तुकड्यांत आलं: केंद्राचा भाग काही महिन्यांनी, राज्याची भर त्याच्याही पुढे. पावसाळ्याच्या तोंडावर बियाण्याचे पैसे ठिबकात अडकवून बसू नका. खाजगी सावकाराकडून तीन टक्के महिन्याने उचलून ठिबक केलं तर वर्षभरात अनुदानातला मोठा तुकडा व्याजातच जातो. हे मी आमच्याच भावकीत पाहिलंय.

९. हप्ता थांबला तर काय बघायचं

पीएम किसानच्या पानावर 'नो युवर स्टेटस' मध्ये नोंदणी क्रमांक टाका. तीन खुणा दिसतात. लँड सीडिंगपुढे (जमिनीची नोंद जोडलेली आहे का) 'नो' असेल तर सातबारा आणि आठ-अ घेऊन तलाठ्याकडे किंवा तहसीलला. आधार-बँक सीडिंगपुढे 'नो' असेल तर बँकेत, आणि चौथ्या मुद्द्यातला फॉर्म. ई-केवायसीपुढे 'नो' असेल तर कुणाकडेच जाऊ नका, घरी बसून करा. तिन्ही बरोबर असून हप्ता नसेल तर एफटीओ (पैसे पाठवायचा आदेश) तयार झाला आहे का बघा. तयार असेल तर पैसा वाटेत आहे, थोडे दिवस थांबा. नसेल तर हप्त्याच्या कालखंडात तुमची मंजुरी उशिरा पोहोचली असावी.

बंद पडलेला हप्ता त्रुटी काढल्यावर चालू होतो, पण मागचे साचलेले मिळतीलच असं धरून उधारी करू नका. पीएम किसानची मदतवाहिनी १५५२६१. सकाळी कार्यालय उघडताच लावा, दुपारनंतर नुसतं संगीत ऐकू येतं. बोलणाऱ्याने तक्रार क्रमांक दिला की त्याच वहीत लिहा, नोंदणी क्रमांकाच्या खाली, तारखेसकट. आमची ती वही आता पत्र्याच्या पेटीत सातबाराच्या शेजारी असते, आणि भावकीतली निम्मी माणसं ती बघायला मागतात.